विरोध असल्यास बुधवारी बारापर्यंत

सोमवारच्या बैठकीत कॅप्टन योन्ना सिरोला उभी राहिली आणि म्हणाली, "यापुढं आपण इथले सगळे निर्णय मौनानं घ्यायचे."

बैठकीला बसलेल्या आठदहा जणांपैकी कुणीही काही बोललं नाही.

देश त्या बड्या लष्करी आघाडीत सामील होऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि योन्ना आदल्याच दिवशी बेल्जियमहून तीन आठवड्यांचा कोर्स करून परतली होती. मुलगी हुशार, कामाला वाघ, मनाची स्वच्छ. दोष एकच, की ती वाढली हेलसिंकीत आणि कोर्पियार्वीच्या छावणीत आली होती गेल्या हिवाळ्यात. म्हणजे आमच्या भागातली माणसं तिने अजून नीट पाहिलीच नव्हती, त्यांच्या टोप्या तेवढ्या पाहिल्या होत्या.

"अगदी सोपं आहे," ती सांगू लागली. "तिथं एकतीस देश आहेत. एकेक जण बोलायला लागला तर कॉफीही गार होईल आणि युद्धही संपून जाईल. म्हणून ते काय करतात, प्रस्ताव सगळ्यांना पाठवतात आणि मुदत देतात. मुदत संपेपर्यंत कुणी विरोध केला नाही, की प्रस्ताव मंजूर. वाद नाही, मतदान नाही. आपल्यालाही सवय नको का व्हायला? म्हणून म्हटलं, आपणही सुरू करावं. कुणाचा विरोध?"

कॉफीच्या यंत्राने एकदा घसा साफ केला. छावणीचे प्रमुख कर्नल आहती पुरोला यांनी आपला कप बोटभर पुढे सरकवला. त्यांच्या हाताखाली ज्यांनी वर्षं काढली होती त्यांना माहीत होतं, की कर्नलसाहेबांनी कप सरकवला म्हणजे त्यांना ही गोष्ट मुळीच पसंत नाही. कोठाराचा प्रमुख खिडकीबाहेर बघू लागला. सार्जंट मेजर तौनो रूस्कानेन आपल्या हाताच्या पंजाकडे बघू लागला.

"वा! मंजूर!" योन्ना म्हणाली.

त्या एकतीस देशांत ही युक्ती चालत असेल, नाही कोण म्हणतो? तिथल्या माणसांना बोलल्याशिवाय अन्न पचत नाही. तिथे कुणी गप्प बसलाच तर त्याला खरोखरच काही म्हणायचं नसतं. आमच्या माणसाचं तसं नाही. त्याला पटलं तर तो गप्प बसतो, पटलं नाही तर जास्त गप्प बसतो, आणि संताप अनावर झाला तर उठून लाकडं फोडायला जातो. त्या दिवशी दुपारी छावणीच्या मागच्या बाजूला ढिगाने लाकडं फुटली. पण लाकडं फोडणे हा विरोध धरावा, असं आघाडीच्या कार्यपद्धतीत कुठेही लिहिलेलं नाही.

आघाडीत गेल्यावर काहीतरी बदलणार, हे प्रत्येकाने मनाशी धरलेलंच होतं. कोठाराच्या प्रमुखाला वाटत होतं, आता बोटं न गारठणारे हातमोजे मिळतील. कर्नल पुरोलांना वाटत होतं, आता कागदपत्रं कमी होतील. बिचारे! मुदपाकखान्याच्या राइलीला वाटत होतं, एखादा इटालियन आचारी येईल, चार गोष्टी शिकवील आणि जमल्यास राहील. तौनोची अपेक्षा सगळ्यांत लहान होती. आघाडीने खुशाल यावं, झेंडे लावावेत, नकाशे बदलावेत. फक्त त्याच्या सॉनाकडे फिरकू नये.

सॉना, म्हणजे घाम काढायची वाफेची खोली, होता तळ्याच्या काठावर. ओंडक्यांचा, काळपट, एका बाजूला जरासा खचलेला. तौनोने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी तरुणपणी सुट्टीच्या दिवसांत तो स्वतः बांधला होता. ते सोबती बदलून गेले, तौनो राहिला. दर बुधवारी दुपारी तो बर्चची लाकडं रचायचा, दगड तापवायचा आणि संध्याकाळी ज्याला यायचं तो यायचा. गणवेश खुंटीला लटकला की हुद्दाही तिथेच लटकायचा. आत फळीवर बसले ते नुसते घामेजलेले पुरुष. दुसऱ्या दिवशी पाळी बायकांची. या एका ठिकाणी तौनो बोलायचा, म्हणजे एका संध्याकाळी दोन वाक्यं, कधी तीन. त्याची बायको सिर्का म्हणायची, "बुधवारी तू माणसासारखा घरी येतोस. बाकीचे दिवस नुसता येतोस." पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. ही दोन वर्षं आपण लाकडं रचत काढायची आणि मग शांतपणे घरी बसायचं, एवढंच त्याने आयुष्याकडे मागितलं होतं.

पहिला प्रस्ताव आला तो सोमवारची बैठक अर्ध्या तासाने अलीकडे आणण्याचा. कुणालाच नको होता, म्हणून मंजूर झाला. दुसरा आला गाड्या उभ्या करायच्या जागेचा. तोही तसाच. आणि मग आला वाटाण्याच्या सुपाचा.

सैन्यात गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि नंतर जॅम घातलेले पॅनकेक. हे कुणी ठरवलं कुणास ठाऊक, पण जो तो आठवडा मोजतो तो या सुपावरून. योन्नाचं म्हणणं होतं, की गुरुवारी भर दुपारी आघाडीशी पडद्यावरून बैठक असते आणि जड सूप पिऊन बसलेले अधिकारी पडद्यावर पेंगताना दिसतात. तेव्हा सूप मंगळवारी करावं. विरोध असल्यास शुक्रवारी बारापर्यंत.

राइली हातातल्या डावासकट योन्नाच्या ऑफिसात शिरली. ही बाई मूळची पूर्वेच्या करेलियाकडची, म्हणून आमच्यात चुकून आलेली बोलकी.

"माझा विरोध आहे! लिहून घे. मोठ्या अक्षरांत लिहून घे!"

"राइली, ऐका तर. तुम्ही नागरी कर्मचारी. मौनाची पद्धत फक्त गणवेशातल्या लोकांना लागू आहे. तुमचा विरोध धरता येत नाही."

"म्हणजे जी बोलते तिचं धरायचं नाही, आणि ज्यांचं धरायचं ते मेले मूग गिळून बसलेत!"

"त्यांचा विरोध असता तर ते बोलले असते ना?"

राइलीने तिच्याकडे बघितलं. "बाई गं, तुझं लग्न झालंय का?"

"नाही."

"तरीच," असं म्हणून राइली गेली. ती तडक भोजनगृहात तौनोच्या टेबलाशी उभी राहिली. "अरे ए दगडा! बोल की काहीतरी! गुरुवार चाललाय आपला!"

तौनोने राईच्या पावाचा तुकडा चावून चावून गिळला. "बघू," तो म्हणाला. "कर्नलसाहेब बोलतील."

शुक्रवारी बारा वाजले आणि सूप मंगळवारी गेलं. त्या मंगळवारी भोजनगृहात चमच्यांखेरीज कशाचाही आवाज नव्हता. सूप प्यायलं, पॅनकेक खाल्ले आणि तेवढ्यात माणसांच्या आतलं घड्याळ बिघडलं. सूप झालं म्हणजे उद्या शुक्रवार, हे सगळ्यांच्या अंगात इतकं मुरलेलं, की बुधवारी सकाळी भरतीची पोरं पिशव्या भरून फाटकाशी उभी. त्यांना पाहून पहाऱ्यावरच्या माणसाने सुट्टीची बस मागवली. बस आली म्हणजे शुक्रवारच, असं समजून कोठाराने कुलूप घातलं. कर्नल पुरोला दुपारीच आपल्या तळ्याकाठच्या झोपडीवर मासे धरायला निघून गेले, आणि कुणी त्यांना फोन केला नाही, कारण सुट्टीच्या दिवशी माणसाला त्रास देऊ नये एवढी रीत सगळ्यांना ठाऊक. गुरुवारी पडद्यावरच्या बैठकीला एकटी योन्ना बसली होती. पलीकडच्यांनी विचारलं, बाकीचे कुठे आहेत? ती म्हणाली, सगळ्यांची संमती आहे.

तौनोने त्या बुधवारी नेहमीप्रमाणे सॉना तापवला. कुणीच आलं नाही. तो वरच्या फळीवर एकटा बसून राहिला. त्याला पहिल्यांदाच भीती वाटली, की हे प्रकरण आता तळ्याच्या दिशेने यायला लागलं आहे.

आणि आलंच की! झालं असं, की योन्नाने हेलसिंकीच्या लष्करी मुख्यालयाला कळवलं, आमच्याकडे नवी पद्धत रुजली असून आजवर एकाही प्रस्तावाला एकही विरोध नाही. हेलसिंकीवाले खूश. त्यांनी ते आघाडीला कळवलं. आघाडीत कुणाचाच विश्वास बसेना. एकतीस देशांना एका स्वल्पविरामावर एकमत करायला महिना लागतो आणि हे कोण लोक आहेत जे सूपसुद्धा एकमताने हलवतात? तेव्हा हा चमत्कार बघायला लेफ्टनंट कर्नल लुरेन्सु नावाचे पोर्तुगीज अधिकारी येणार असं ठरलं. हेलसिंकीने सुचवलं, की पाहुण्यांना बसवायला एखादी खास जागा तयार करा, लाकडी असेल, तळ्याचं दर्शन असेल तर उत्तम.

कोर्पियार्वीत लाकडी आणि तळ्याचं दर्शन असलेली जागा एकच.

योन्नाचा मेल सगळ्यांना गेला. तळ्याकाठच्या सॉनातली भट्टी आणि दगड काढून तिथे पाहुण्यांसाठी बैठकीची खोली करावी. फळ्या तशाच ठेवाव्यात, त्यावर गाद्या घालता येतील. वाफ घ्यायची असल्यास व्यायामशाळेत विजेवरचा सॉना आहेच. विरोध असल्यास येत्या बुधवारी बारापर्यंत.

तौनोने तो मेल वाचला आणि लाकडं फोडायला गेला. संध्याकाळपर्यंत लाकडं संपली.

कर्नल पुरोलांनीही वाचला. त्यांनी कप पार टेबलाच्या कडेपर्यंत सरकवला. पण ते मनाशी म्हणाले, सॉना तौनोचा. तोच बोलेल. आपण मध्ये तोंड घातलं तर त्याचा अपमान व्हायचा. तिकडे तौनो मनाशी म्हणत होता, छावणी कर्नलसाहेबांची, तेच बोलतील. आपण त्यांच्या आधी बोललो तर बरं दिसणार नाही. कोठाराचा प्रमुख म्हणत होता, हे दोघं असताना मी कोण? अशी सगळी छावणी एकमेकांचा मान राखत बसली.

तरी तौनोने निषेध केला बरं का. असा तसा नाही, आयुष्यातला सर्वांत कडक निषेध केला. दुपारच्या जेवणाला योन्ना एकटी बसली होती, तिच्या समोर जाऊन तो बसला. ताटाला हात लावला नाही. तिच्याकडे बघत, अवाक्षर न काढता, जेवण संपेपर्यंत बसून राहिला. आजूबाजूच्या टेबलांवरच्या लोकांनी चमचे खाली ठेवले. एवढं भयंकर दृश्य छावणीत कुणी पाहिलं नव्हतं. राइलीने तर भीतीने डोळ्यांवर ॲप्रन घेतला.

योन्नाचं जेवण झालं. तिचे डोळे भरून आले होते. "तौनो," ती म्हणाली, "इथं आल्यापासून माझ्यासोबत जेवायला कुणी बसलं नव्हतं. तुम्ही बसलात. फार बरं वाटलं."

तौनो उठला आणि ताट तसंच ठेवून निघून गेला.

घरी सिर्काने सगळं ऐकलं, म्हणजे त्याच्याकडून एकेक शब्द ओढून काढला.

"म्हणजे तू तिच्यासमोर नुसता बसलास?"

"रागानं बसलो होतो."

"तिला कसं कळणार? तुझा रागाचा चेहरा नि झोपेचा चेहरा एकच आहे! मलासुद्धा आवाजावरून कळतं, घोरतोयस की नाही ते. बस इथं. मी योन्ना. बोल माझ्याशी. सॉना तोडू नका म्हण."

तौनो खुर्चीवर बसला. सिर्का हाताची घडी घालून समोर उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येऊ लागला.

"अरे बोल ना!"

"विचार करतोय."

"परवापासून विचारच चाललाय."

"विषय मोठा आहे."

"मला लग्नाचं विचारायला तुला तीन उन्हाळे लागले. शेवटी मीच विचारलं."

"मी हो म्हटलं की."

"म्हटलं नाहीस. मान हलवलीस. तीसुद्धा डास बसला म्हणून हलवलीस का, हे मला अजून नक्की माहीत नाही." ती त्याच्याजवळ बसली. तिचा आवाज उतरला. "तौनो, ऐक माझं. तो सॉना गेला तर तू दोन वर्षांत वाळून जाशील. मला माहितीये ना तू कसला आहेस ते. एक शब्द. 'नको' एवढंच म्हणायचंय."

तौनोने मान हलवली. घरात डास नव्हता.

बुधवार उजाडला. लेफ्टनंट कर्नल लुरेन्सु सकाळीच आले. गोल, हसरे, बोलताना दोन्ही हात कामाला लावणारे. बैठकीची खोली कशी होणार हे प्रत्यक्ष दाखवावं म्हणून योन्नाने त्यांना थेट सॉनातच नेलं. भट्टीवर पांढरा पडदा टांगलेला. फळ्यांवर गाद्या. वरच्या फळीवर कर्नल पुरोला गणवेशात, टाय लावून, कधी नव्हे ते कोरडे बसलेले. त्यांच्या खालच्या फळीवर बाकीचे अधिकारी. राइली कॉफीची किटली घेऊन दाराशी. आणि कोपऱ्यात तौनो, हातात लाकडी बादली आणि पळी. या दोन वस्तू तरी घरी न्याव्यात, म्हणून तो आला होता.

योन्ना पडद्यावर आलेख दाखवू लागली. एवढे प्रस्ताव, एवढ्या मंजुऱ्या, विरोध शून्य. "आणि आज बारा वाजता," ती म्हणाली, "तुमच्या डोळ्यांदेखत या वास्तूबद्दलचा प्रस्ताव मंजूर होईल."

लुरेन्सुंनी भिंतींकडे बघितलं, काळ्या पडलेल्या छताकडे बघितलं, आणि त्यांचे हात पहिल्यांदाच थांबले. "ही खोली आधी काय होती?" त्यांनी विचारलं.

कर्नल पुरोला आपल्या बुटांकडे बघत होते. कोठाराच्या प्रमुखाच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो घाम या खोलीत भट्टी थंड असताना यावा, याचंच त्याला वाईट वाटत होतं. घड्याळात बाराला दोनच मिनिटं कमी होती.

"मग," लुरेन्सु म्हणाले, "कुणाचाच विरोध नाही?"

तौनोने कर्नलसाहेबांकडे बघितलं. कर्नलसाहेबांनी तौनोकडे बघितलं. दोघांच्याही नजरा एकमेकांना म्हणत होत्या, अरे बोल ना. तौनोने तोंड उघडलं. बराच वेळ त्यातून काहीच आलं नाही.

"नको," तो म्हणाला.

राइलीच्या हातून किटलीचं झाकण पडलं.

"नको!" तौनो पुन्हा म्हणाला, आणि मग जे झालं ते आमच्याकडे अजून सांगतात. बांध फुटला. "हे ओंडके मी वाहिलेत. खांद्यावरून वाहिलेत. इथं माणसं येतात नि दिवसभराचं ओझं उतरवून जातात, त्यांना तुम्ही गादीवर बसवून आलेख दाखवणार? भट्टी कुणी काढायला आला तर त्यानं आधी मला काढावं! आणि सूप गुरुवारी! मंगळवारी सूप पिऊन माणसाला कळत नाही आपण आठवड्यात कुठं आहोत ते! आणि सोमवारची बैठकसुद्धा नको. लवकर नको, उशिरा नको, मुळीच नको! आणि कॅप्टन, मी त्या दिवशी तुमच्याबरोबर जेवायला बसलो नव्हतो. मी ओरडत होतो!"

एवढं बोलून तो धापा टाकू लागला. सबंध नोकरीत मिळून तो एवढं बोलला नसेल.

योन्ना खालच्या फळीवर मटकन बसली आणि रडायला लागली. सगळ्यांना कानकोंडं झालं. पण ती रडता रडता म्हणाली, "इतके दिवस का नाही बोललात? मला तरी कुठं तोडायचा होता हा सॉना? हेलसिंकीनं जागा मागितली, मला थेट नाही म्हणता येईना. म्हटलं, प्रस्ताव पाठवते, कुणीतरी विरोध करेल, तो वर कळवते. मी रोज वाट बघत होते! रोज मेल उघडून बघत होते!"

"मलाही नको होतं," कर्नल पुरोला हळूच म्हणाले.

"मलाही," कोठाराचा प्रमुख म्हणाला.

"मी तर पहिल्या दिवसापासून ओरडतेय," राइली म्हणाली. "पण माझं कुठं धरतात!"

लेफ्टनंट कर्नल लुरेन्सु मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांनी जाऊन तौनोला मिठी मारली, बादलीसकट. तौनो मिठीत खांबासारखा उभा राहिला. "हे खरं! आमच्याकडे सगळे दिवसभर बोलतात, पण असं सरळ नको कुणी म्हणत नाही! 'तत्त्वतः सहमत, तथापि' असं म्हणतात आणि वर्ष घालवतात!"

पडदा निघाला, गाद्या निघाल्या. दुपारीच सूप गुरुवारवर परत गेलं आणि राइलीने आनंदाच्या भरात बुधवारीही पॅनकेक केले. सिर्काला कुणीतरी फोनवर सगळं सांगितलं, तर तिने दोनदा विचारलं, "कोण बोललं? आमचा तौनो?" आणि मग ती बराच वेळ फोन हातात धरून नुसती हसत होती.

संध्याकाळी तौनोने सॉना तापवला. असा तापवला, की तसा पूर्वी कधी तापवला नव्हता. वरच्या फळीवर कर्नल पुरोला, खालच्या फळीवर डोक्यावर ओला टॉवेल घेतलेले, लालबुंद झालेले लुरेन्सु, आणि भट्टीजवळ हातात पळी घेऊन तौनो. छोट्या खिडकीतून तळं दिसत होतं. तौनोने पहिली पळी दगडांवर ओतली. वाफ सावकाश वर गेली, छताला लागली आणि खांद्यांवर उतरली. कित्येक आठवडे आवळून बसलेलं काहीतरी तौनोच्या पाठीत सुटलं. आपला सॉना वाचला, आणि आपण वाचवला. अजून दोन वर्षं दर बुधवारी हेच. त्याने डोळे मिटले. एवढं सुख त्याला सोसवत नव्हतं.

खाली लुरेन्सु धापा टाकत कर्नलसाहेबांशी काहीतरी बोलत होते. कर्नलसाहेबांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "तौनो, पाहुणे म्हणतात, असा माणूस आम्हाला हवाय. आपल्या देशाचा माणूस म्हणून बेल्जियमला, आघाडीच्या मुख्यालयात. दिवसभर बैठका असतात, तिथं बसायचं आणि पटलं नाही तर नको म्हणायचं. दोन वर्षांची नेमणूक, म्हणजे तुझी पेन्शनही तिथूनच होईल. मान मोठा आहे. तुझी काही हरकत?"

तौनोला तो आवाज शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा लांबून ऐकू येत होता. त्याने दुसरी पळी ओतली. ही वाफ पहिलीपेक्षाही मऊ होती.

कर्नल पुरोला थांबले. ते आता शहाणे झाले होते, घाई करणार नव्हते. त्यांनी ती वाफ पूर्ण उतरू दिली. आदल्या दिवशीची गोष्ट असती तर या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी दहा वेळा तपासून पाहिला असता. पण आज साऱ्या छावणीने ऐकलं होतं, की या माणसाला एखादी गोष्ट नको असेल तर तो सॉना दणाणून सोडतो. तरी खात्रीसाठी त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की ना? विरोध असेल तर बोल, आत्ताच बोल."

तौनोच्या ओठांवर हसू होतं.

"ठरलं तर," कर्नल पुरोला म्हणाले आणि त्यांनी मायेने त्याच्या ओल्या पाठीवर थाप मारली.

तौनो घरी आला तेव्हा सिर्का दारातच उभी होती. तिचा चेहरा काही वेगळाच दिसत होता.

"योन्नाचा फोन आला होता. अभिनंदन केलं. बेल्जियम?"

तौनोने टोपी काढली. ती ठेवायची खुंटी त्याला सापडेना. वाफेतला तो रेडिओ आता पहिल्या शब्दापासून त्याच्या कानात स्पष्ट वाजायला लागला.

"म्हणाली, पुढच्या महिन्यात निघायचंय. फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. सॉना नाही त्या इमारतीत, तिनं विचारून घेतलं." सिर्का त्याच्याजवळ आली. "दुपारी तर एवढं बोललास म्हणे. मग कर्नलनं विचारलं तेव्हा काहीच नाही बोललास?"

तौनो खुर्चीवर बसला. त्याने बराच वेळ विचार केला.

"वाफ फार छान आली होती," तो म्हणाला.

सिर्काने त्याच्याकडे बघितलं, सुस्कारा सोडला आणि ती माळ्यावरची मोठी बॅग काढायला आत गेली. बॅग काढू नकोस, असं तौनोला म्हणायचं होतं. सकाळी कर्नलला फोन करतो, असंही म्हणायचं होतं. तो एकेक शब्द नीट जुळवत होता. सगळे शब्द जुळून आले तेव्हा बॅग पलंगावर उघडी पडली होती आणि सिर्का त्याचे सदरे घडी करत होती.